अल्प जागेतील युवाकेंद्र : सातवीच्या वर्गासाठी एक अभ्यासपाठ

भूगोल, गणित आणि सामान्य विज्ञान हे विषय शाळेत निरनिराळ्या तासांना शिकविले जातात; परंतु घर बांधावयास निघालेल्या मनुष्यापुढे ते तिन्ही एकाच वेळी येऊन उभे राहतात. ऊन कोठून येते, पाणी कोठे जाते, भिंत किती उंच घ्यावी, ह्या प्रश्नांस वेळापत्रक नसते. म्हणून प्रस्तुत पाठासाठी बांधकामाचाच विषय निवडला आहे. पुणे शहराच्या जुन्या पेठेत, तीन बाजूंनी इमारतींनी वेढलेल्या एखाद्या लहानशा जागेवर परिसरातील मुलामुलींसाठी युवाकेंद्र उभारावयाचे आहे, आणि ते असे असावे की त्याने वीज, पाणी व माती ह्यांची उधळपट्टी करू नये, असे आपण धरून चालू. जिल्ह्यातील शिक्षकांनी हा प्रश्न केवळ शहराचा म्हणून बाजूस ठेवू नये. आपल्या गावठाणातील समाजमंदिराच्या जागाही बहुधा अशाच चिंचोळ्या असतात.

पाठ एका दिवसात संपणारा नाही. त्यातील सावलीचे मोजमाप डिसेंबरात सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालते. मधल्या काळात इतर भाग सवडीने घ्यावेत.

प्रथम विद्यार्थ्यांस हे सांगावे की, दाटीच्या वस्तीत तरुणांसाठी जागा काढणे हा पुण्यास नवा प्रश्न नाही. पेठापेठांतून असलेल्या तालमी ही त्याची जुनी उत्तरे होत. शुक्रवार पेठेतील चिंचेची तालीम आजही त्या नावाने ओळखली जाते. पुण्याच्या मानाच्या गणपतींपैकी तिसरा जो गुरुजी तालीम, त्याच्या नावातच तालमीची आठवण राहिली आहे. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे जोतीराव फुले यांनी तरुणपणी मर्दानी खेळांचे शिक्षण घेतले, हे तर सर्वश्रुत आहे. म्हणजे पेठेतील तरुणांनी एकत्र यावे, अंग कमवावे, ज्येष्ठांच्या नजरेखाली वाढावे, ह्याची सोय ह्या लहान वास्तूंनी दीर्घकाळ केली.

तालमीची रचना वर्गात फळ्यावर काढून दाखवावी. दगडविटांच्या जाड भिंती, वाकून आत जावे लागेल असे बेताचे दार, उंचावर एखादा झरोका, कोनाड्यात मारुती आणि मधोमध तांबड्या मातीचा हौद. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असे पदार्थ घालून ती मऊ व निर्जंतुक राखण्याची रीत आहे. जाड भिंत दिवसाचे ऊन सावकाश शोषते. त्यामुळे बाहेर रस्ता तापलेला असतानाही आत गारवा राहतो. आतील सामान म्हणजे माती, लाकडाचे मुद्गल, दगडी नाल. यंत्र नाही, आणि दिवसा दिवा क्वचितच. आज ज्यास पर्यावरणपूरक बांधकाम म्हणतात, त्यातील निम्म्या गोष्टी येथे कोणी तसे नाव न देता पाळलेल्या आढळतात.

परंतु येथेच थांबून तालमीची केवळ स्तुती करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तालमीत उजेड कमी, हवा कोंदट. पावसाळ्यात ओल धरते. पहाटे आणि सायंकाळी गर्दी, मधले आठ-दहा तास दाराला कुलूप. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की, पेठेतील निम्म्या तरुणाईस, म्हणजे मुलींस, त्या दारातून आत जाण्याचा प्रसंगच फारसा आला नाही. नवे केंद्र जुन्या तालमीकडून गारवा घेईल, पण हे कुलूप आणि हा मज्जाव घेणार नाही, असे ठरवूनच पुढे जावे.

म्हणून आराखड्यास हात घालण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून एक तक्ता करून घ्यावा. सायंकाळी पाच ते आठ ह्या वेळेत आपण कोठे असतो, काय करतो, बसावयास जागा कोणती मिळते, ह्याची नोंद प्रत्येकाने सात दिवस ठेवावी. मुलांची व मुलींची नोंद वेगळ्या रकान्यांत लिहावी. मुलांच्या रकान्यात मैदान, चौक, मंडळाचा कट्टा अशी नावे येतील. मुलींच्या रकान्यात बहुधा ‘घरी’ हाच शब्द पुन्हा पुन्हा येईल. शिक्षकांनी त्यावर भाष्य करू नये. तक्ता भिंतीवर लावून ठेवावा. विद्यार्थी स्वतःच त्याकडे बोट दाखवितील. तसेच एका खोलीच्या घरात दहावीचा अभ्यास करणारा मोठा भाऊ किंवा बहीण कोठे बसते, हेही विचारावे. पुण्यात गल्लोगल्ली ज्या अभ्यासिका निघाल्या आहेत त्यांचे कारण मुलांस तेव्हा आपोआप समजेल.

आता गणित. आपल्या कल्पित जागेची रुंदी ९ मीटर व लांबी १५ मीटर धरावी. क्षेत्रफळ १३५ चौरस मीटर झाले. त्यात ५ मीटर बाय ८ मीटरची एक मोठी खोली काढली, तर ती ४० चौरस मीटर भरते. खेळताना किंवा व्यायाम करताना एका व्यक्तीस २ चौरस मीटर जागा दिली, तर एका वेळी २० जण मावतील. पेठेतील दीडशे मुलामुलींस ही जागा अपुरी आहे, असेच कोणीही प्रथम म्हणेल. परंतु खोली दिवसातून दोनदा न उघडता आठ वेळा, प्रत्येकी दीड तास, उघडली तर तीच १६० जणांस पुरते. पहाटे व्यायाम, सकाळी बालवर्ग, दुपारी शिवणकाम वा हस्तकला, तिसऱ्या प्रहरी अभ्यास, सायंकाळी खेळ, रात्री पुन्हा अभ्यास. जमीन वाढविता येत नसली तरी तास वाढविता येतात, आणि लहान जागेच्या आराखड्यात खोल्यांच्या आधी तासांची मांडणी करावी ती याच कारणाने.

ह्यावरून एक कटू निर्णय घ्यावा लागतो. कायमचा मातीचा हौद असलेली खोली दुसऱ्या कोणत्याही कामास येत नाही. गुंडाळून ठेवता येणारी कुस्तीची मॅट असली, तर दुपारी तेथेच सतरंजी अंथरून अभ्यास करता येतो. मातीतल्या कुस्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांस हे रुचणार नाही, आणि मातीचा गारवा मॅटला नाही हेही खरे. पण ९ मीटर रुंदीच्या जागेत एकाच खेळाने सर्व दिवस अडवून धरावा, हे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. जेथे जवळच जुनी तालीम चालू आहे, तेथे हौद तिच्याकडेच राहू द्यावा.

त्यानंतर सूर्याकडे वळावे. एक मीटर उंचीची सरळ काठी अंगणात ओळंब्याने उभी करावी व मध्याह्नीची सर्वांत आखूड सावली मोजावी. मध्याह्न म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत, ही गोष्ट पुष्कळ मोठ्या माणसांसही ठाऊक नसते. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले असून पुणे सुमारे ७४ अंशांवर आहे. म्हणून पुण्याचा सूर्य ऋतुमानाप्रमाणे सव्वाबारा ते पाऊण वाजण्याच्या दरम्यान माथ्यावरच्या रेषेत येतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस ही सावली सुमारे ९० सेंटीमीटर भरेल, मार्चच्या २०-२१ तारखेस सुमारे ३३ सेंटीमीटर. मे महिन्याच्या १३-१४ तारखेच्या सुमारास ती नाहीशीच होते. त्या दिवसापासून जुलैअखेरपर्यंत मध्याह्नीची सावली किंचित दक्षिणेस पडते. सुट्टी असल्याने मेमधील मोजमाप विद्यार्थ्यांनी घरी करावे.

ह्या तीन आकड्यांवरून त्रैराशिक मांडता येते. आपल्या जागेच्या दक्षिणेस शेजाऱ्याची ६ मीटर उंच भिंत आहे, असे समजा. डिसेंबरात मध्याह्नी तिची सावली ५.४ मीटर लांब, मार्चात २ मीटर, मेमध्ये शून्य. याचा अर्थ असा की, थंडीत जेव्हा ऊन हवेसे वाटते तेव्हा जागेचा मोठा भाग सावलीत राहील, आणि कडक उन्हाळ्यात शेजारची भिंत दुपारी काहीच आडोसा देणार नाही. तेव्हा थंडीतील कोवळ्या उन्हाचा चौक जागेच्या उत्तर भागात ठेवावा, म्हणजे तो शेजारच्या भिंतीच्या सावलीबाहेर राहील. तसेच उन्हाळ्याचा सगळा भार छपराने घ्यावा. पश्चिमेकडील भिंतीवर तिसऱ्या प्रहरी तिरपे व तीव्र ऊन येते. तेथे शौचालये, जिना, कपाटे अशी माणूस फार वेळ न बसणारी ठिकाणे योजावीत. पुस्तकांतून ‘दक्षिणेस खिडक्या ठेवाव्यात’ अशा प्रकारचे जे सरसकट नियम छापलेले असतात, ते थंड देशांसाठी लिहिलेले असतात. आपल्या अंगणातील काठीवर अधिक विश्वास ठेवावा.

छपराविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता सायंकाळनंतर खाली सोडतो. म्हणजे मुले ज्या वेळी केंद्रात येणार, नेमक्या त्याच वेळी खोली भट्टीसारखी होते, आणि मग पंख्यांवर पंखे बसवावे लागतात. स्लॅबवर ऊन पोहोचूच न देणे हा त्यावरचा खरा उपाय. गच्चीवर हलक्या छपराची, सर्व बाजूंनी उघडी मांडवणी उभारली, तर स्लॅब सावलीत राहतो आणि गच्ची ही एक जादा खोली होऊन बसते. तेवढा खर्च झेपत नसेल, तर गच्चीस दरवर्षी चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा पांढऱ्या फुटक्या कपच्यांची फरशी बसवावी. स्लॅबच्या पोटात जेथे काँक्रीटचे काम केवळ भरावाचे असते, तेथे जुनी मंगलोरी कौले घालण्याची रीत लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केली. तिने सिमेंट वाचते व उष्णताही कमी उतरते. मात्र ही कौले कोठे घालावयाची व लोखंडाची जागा कोणती, हे अभियंत्यानेच ठरवावे.

पाण्याचा भाग मुलांस विशेष आवडतो. पेशवाईत नानासाहेबांच्या काळी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले गेले. बंदिस्त दगडी नळातून, केवळ उताराच्या जोरावर, मैलोगणती चालत आलेले ते पाणी पेठांतील हौदांत पडत असे. ही हकीकत सांगून मग आपल्या केंद्राचा हिशेब करावा. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो मुख्यत्वे जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. छपराचे क्षेत्र १०० चौरस मीटर धरले, तर त्यावर ७० हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचे धूळमिश्रित पाणी सोडून देऊन व इतर गळती वजा करून त्यातील आठ-दशांश, म्हणजे ५६ हजार लिटर, हाती येईल. केंद्रात रोज ४० जणांनी हातपाय धुण्यास व स्वच्छतेस प्रत्येकी ५ लिटर वापरले, तर दिवसास २०० लिटर लागतात. ऑक्टोबर ते मे ह्या आठ महिन्यांस सुमारे ४८ हजार. पाऊस पुरेसा आहे!

परंतु मुलांस येथे एक प्रश्न विचारावा : हे ४८ हजार लिटर ठेवणार कोठे? त्यास ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर खोल अशी टाकी लागेल, आणि ती पुण्याच्या काळ्या कातळात खोदावी लागेल. शेजारच्या जुन्या भिंतींचे पाये जवळ असताना एवढा खड्डा घेणे धोक्याचेही आहे. तेव्हा चौकाखाली १० हजार लिटरची, म्हणजे अडीच बाय दोन मीटरची व दोन मीटर खोल टाकी बांधावी. ती पावसाळ्यात अनेकदा भरेल व रिकामी होईल, आणि शेवटच्या पावसानंतर पन्नास दिवस पुरेल. उरलेले पाणी जमिनीत मुरवावे. पण कातळ पाणी पीत नाही, मुरूम पितो. म्हणून शोषखड्डा घेण्यापूर्वी खाली काय लागते ते पाहावे. जागेत वाड्याची जुनी आड किंवा विहीर बुजलेली असेल, तर ती उपसून, वाळू-खडीच्या गाळणीतून छपराचे पाणी तिच्यात सोडणे सर्वांत उत्तम. तपासणीवाचून ते पाणी पिऊ नये. टाकीचे झाकण घट्ट बसले नाही, तर पाण्याबरोबर डासांचीही साठवण होते, हेही विसरू नये.

सांडपाण्याचा आणि ओढ्यानाल्यांचा विचार केल्यावाचून पाण्याचा धडा पुरा होत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास आलेल्या पुराने त्याच्या काठच्या वस्त्यांत माणसे दगावली. लहान जागेवर बांधणाऱ्यास शेजारच्या नाल्यावर दोन हात पुढे सरकण्याचा मोह होतो. केंद्राच्या बाबतीत तो कितीही सोयीचा वाटला तरी टाळलाच पाहिजे.

बांधकामाचे साहित्य निवडताना ‘जे नैसर्गिक ते चांगले’ असे सोपे सूत्र मुलांस देऊ नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा मातीत बांधलेले अनेक जुने वाडे भिजून कोसळले. माती ही कोरड्या जागी उत्तम, पुराच्या रेषेत घातक. जोते काळ्या दगडाचे, पावसाच्या माऱ्यात येणाऱ्या भिंती भाजक्या विटेच्या, आणि आतील आडभिंती हव्या तर मातीच्या, असा विवेक ठेवावा. चुन्यात रचलेली वीट पुढेमागे सोडवून, घासून पुन्हा वापरता येते. सिमेंटमध्ये बसलेली वीट बहुधा फुटते. पुण्यात जुने वाडे उतरविले जातात तेव्हा सागवानी तुळया, दारे, घडीव दगड बाजारात विक्रीस येतात. तुळईस वाळवी नाही एवढे पाहून ती घेतली, तर नवे झाड तोडावे लागत नाही, आणि पेठेचीच वस्तू पेठेत राहते.

एवढे झाल्यावर विद्यार्थी म्हणतील की, खेळास जागा राहिली कोठे? त्यांस वर पाहावयास सांगावे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाच्या विद्येस नवे तेज दिले. ह्या खेळास जमीन थोडी लागते. उंची मात्र पाहिजे. दोराच्या मल्लखांबाचा दोर सुमारे साडेपाच मीटरचा असतो, आणि खाली एक गादी मावली की पुरे. हा प्रकार मुलींत विशेष रूढ आहे. आपल्या मोठ्या खोलीचा एक कोपरा दोन मजले उंच ठेवला, तर १३५ चौरस मीटरच्या जागेत एक संपूर्ण खेळ बसतो आणि तो मुलींच्या हक्काचा ठरतो.

हा उंच कोपरा आणखी एक काम करील. मुळशी तालुक्यात लवळे येथे डोंगरउतारावर अवसरा अकादमी ही मुलींची निवासी शाळा आहे. केस डिझाइन ह्या वास्तुरचनाकार संस्थेने तिची रचना केली, आणि २०२२ च्या आगाखान वास्तुकला पुरस्कारासाठी निवडलेल्या मोजक्या वास्तूंच्या यादीत ती होती. तेथे बाहेरची हवा जमिनीखालून जाणाऱ्या नळांतून आत घेतली आहे. जमिनीत ती काहीशी थंड होते. वर उन्हाने तापणारी धुरांडी आहेत. तापलेली हवा वर चढून बाहेर पडते व तिच्या ओढीने खालची गार हवा वर्गात येते. तत्त्व चुलीच्या धुरांड्याचेच आहे. आपल्या पेठेत जमिनीखाली नळ टाकण्यास जागा नाही, पण उंच कोपऱ्याच्या माथ्याशी जाळीचा झरोका आणि चौकाच्या बाजूस जमिनीलगत बुटकी खिडकी ठेवली, तर हवेस तोच रस्ता मिळतो. वर्गात हे दाखविण्यास पुठ्ठ्याचा खोका, वर कागदाची नळी, आत उदबत्ती आणि नळीच्या तोंडापाशी एक तापलेला दिवा पुरतो.

शेवटी आराखडा जमिनीवर उतरवावा. मुंबईत पदपथवासी स्त्रियांतून निघालेल्या महिला मिलन ह्या संघटनेने घर बांधण्यापूर्वी कापड व बांबू ह्यांचे पूर्ण मापाचे घर उभे करून, त्यात वावरून पाहण्याची रीत पाडली. पुढे २००९ च्या सुमारास पुण्यात येरवडा येथील झोपडवस्त्यांत, लोकांस न हलविता, त्यांच्याच जागी २५ चौरस मीटरची पक्की घरे बांधण्याचे काम झाले, त्यातही ह्या संघटनेचा सहभाग होता. आपल्या शाळेच्या मैदानावर फक्कीने ९ बाय १५ मीटरचा चौकोन आखावा. त्यात खोली, चौक, जिना, टाकी, शौचालये, सर्व पूर्ण मापाने आखून त्यात चाळीस मुलांस उभे करावे. चाकाच्या खुर्चीवरचे मूल दारातून वळू शकते की नाही हे प्रत्यक्ष वळवून पाहावे. दिवेलागणीच्या वेळी एकटी मुलगी रस्त्यापासून शौचालयापर्यंत कोणत्या वाटेने जाईल, तेथे दिवा आहे का, हे मुलींनाच चालून सांगू द्यावे. आराखड्यातील बहुतेक चुका ह्या चालण्यात सापडतात. त्या पुसून रेघा पुन्हा आखाव्यात.

फक्कीच्या चौकोनाशेजारी आठ तासिकांचा तक्ता ठेवावा आणि मुलींची सायंकाळची तासिका कोणती, ती आठवड्यातून किती वार, हे त्यात शाईने लिहून घ्यावे. मुलांनी सायंकाळचे सर्व तास मागितले, तर भिंतीवरचा पहिला तक्ता काढून आणावा व वर्गाने तेथेच बसून निवाडा करावा. त्या निवाड्याची नोंद, डिसेंबर व मार्चच्या सावल्यांचे आकडे आणि सुधारलेला आराखडा एकाच वहीत ठेवावा. मेमधील सावलीचा आकडा विद्यार्थी जूनमध्ये घेऊन येतील, तोपर्यंत वहीतील तो एक रकाना रिकामा राहील.